उंबरझऱ्यांचा पोळा

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी भाडं सांगितलं नाही, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं नाही, डिपॉझिटचं नावही काढलं नाही. गोठ्यातून हात धुऊन आले, समोर उभे राहिले आणि म्हणाले, "आडनाव?" मी सांगितलं. "मूळ गाव?" सांगितलं. "कुलदैवत?" तेही सांगितलं. नोकरदार बाईला खोली मिळण्याआधी ही तोंडी परीक्षा द्यावीच लागते, आणि ती मी बदलीच्या प्रत्येक गावात दिली होती. पण चौथा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला.

"पोळ्याला पुरण होतं का घरी?"

मी कोल्हापूरकडची. म्हटलं, "आमच्याकडे पोळा नसतो काका. बेंदूर असतो. बेंदराला होतं पुरण."

"पोळाच न्हाई?" त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "कोणाचा जीव गेला व्हता?"

"कुणाचा नाही. पहिल्यापासूनच नाही."

त्यांना ते पटलं नाही, पण खोलीची किल्ली मात्र दिली. जिना चढताना मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतो. आणि मी मुळात भित्री नाही, हेही इथेच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला शंका येईल.

बँकेतल्या बदलीमुळे मी हिंगोलीला आले होते. काकांचं घर कयाधू नदीच्या पलीकडच्या वस्तीत होतं. पुढे अंगण, अंगणाला लोखंडी फाटक, मागे गोठा, वर माझी खोली. घरात काकू, एक मुलगा आणि सून. काकांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली होती. पदाने ते डॉक्टर नव्हते, पण खेड्यापाड्यांतली माणसं त्यांना डॉक्टरच म्हणायची. निवृत्त झाल्यावरही कुणाची गाय अडली की मोटारसायकल फाटकाशी येऊन थांबे. काका खांद्यापर्यंत हात घालून वासरू बाहेर काढत आणि घरी येऊन साबणाने हात धूत बसत. अशा माणसाला कशाची भीती वाटत असेल, असं कुणालाही वाटलं नसतं.

त्यांचं आडनाव उंबरझरे. असं आडनाव मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फारसं ऐकलं नाही. "पाटील म्हणलं तं गल्लीत चार निघतात," ते म्हणायचे, "उंबरझरे म्हणलं की लोक दोनदा इचारतात." अख्ख्या जिल्ह्यात या आडनावाची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती शोधून काढणं हा काकांचा उद्योग होता. भाजीवाली आली की तिला तिच्या गावात कुणी उंबरझरे आहे का ते विचारायचं. वीजमीटर बघायला आलेल्या पोराला चहा पाजून विचारायचं. लग्नाची पत्रिका कुणाचीही असो, खालची निमंत्रकांची नावं भिंग लावून वाचायची. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी गेरूने जिल्ह्याचा नकाशा काढला होता, आणि जिथे जिथे उंबरझरे सापडला तिथे हळदीचा ठिपका दिला होता. म्हशी त्या नकाशाला अंग घासत, त्यामुळे सेनगाव तालुका निम्मा पुसला गेला होता.

एकदा मुलाने मोबाइलवर शोधून पुण्यातला एक उंबरझरे काढून दिला. काकांनी फोन लावला आणि ओळखपाळख न करता विचारलं, "पोळ्याला तुमच्यात काय करतात?" त्या माणसाला वाटलं, पुरणपोळ्यांची ऑर्डर घ्यायला कुणीतरी फोन केलाय. "आम्हाला नकोत," म्हणून त्याने फोन ठेवला. काका दोन दिवस विचार करत होते, की नकोत म्हणजे त्यांच्यातही चालत नाहीत, का नुसत्या नकोत.

हे सगळं पोळ्याशी का येऊन थांबतं, ते मला काकूंनी सांगितलं. आपल्याकडे एखाद्या सणाच्या दिवशी घरात कुणी गेलं की तो सण पडतो. मग त्या भावकीत तो सण कुणी करत नाही. त्याच दिवशी भावकीतल्या कुठल्याही घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली, तर सण उठतो, आणि ज्या घरात तो उठतो त्या घराने बाकीच्यांना निरोप धाडायचा असतो. उंबरझऱ्यांचा पोळा काकांच्या चुलत आजोबांपासून पडला होता. पोळ्याला बैल धुवायला कयाधूत उतरले आणि बैल तेवढे परत आले.

"तिथवर ठीक व्हतं," काकू म्हणाल्या, "पुढचं त्याइला इचारू नका."

पुढचं असं होतं. काका लहान असताना एका पोळ्याला शेजाऱ्यांच्या घरचा पुरणाचा वास आला आणि त्यांनी पुरणपोळीसाठी रडून घर डोक्यावर घेतलं. आईला बघवेना. तिने कुणाला न सांगता एवढंसं पुरण घातलं. संध्याकाळी वडील शेतातून येताना ओढ्याला पूर आला आणि त्यात ते गेले. मग भावकी आईवर उलटली. पडलेल्या सणाचं पुरण घातलं आणि नवरा खाल्ला, असं बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण कुठल्याच सणाला तिने चुलीवर तवा ठेवला नाही. पोळ्याच्या दिवशी तर ती काकांना पदराने स्वतःला बांधून बसायची.

आता ती नव्हती. बांधून घ्यायचं काम काका स्वतःच करत.

तिथला माझा पहिला पोळा मी विसरणार नाही. बँकेला सुट्टी होती. सकाळी उठले तर नळाला पाणी नाही. गच्चीवर गेले तर टाकी कोरडी. खाली आले तर अंगणातला हौद उपसलेला, बादल्या, घागरी, पातेली सगळी पालथी. पिण्यापुरतं पाणी एका तांब्यात, तोही झाकून देवघरात ठेवलेला. फाटकाला कुलूप, आणि फाटकाशी खुर्ची टाकून काका बाहेर तोंड करून बसलेले.

"काका, मला अंघोळ करायचीय."

"उद्या करा म्याडम."

"मी तुमच्या भावकीतली नाही."

"छप्पर माझं हाये ना," ते म्हणाले. आवाजात दटावणी नव्हती. माणूस विनवणी करतो तसा तो आवाज होता.

मी तणतणत वर गेले. बाहेर रस्त्यावरून शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल चालले होते, घुंगरं वाजत होती, हलगी वाजत होती, आणि आमच्या घरात कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. आदल्या दिवशीच्या भाकरी होत्या. चूल नाही, गॅस नाही. दुपारी आभाळ भरून आलं आणि सर पडली, तेव्हा काका उठले आणि पावसात घरभर फिरून जिथे म्हणून थेंब साठेल ते सगळं पालथं करत गेले. कुंडीखालची बशी, म्हशीची कुंडी, सुनेची चप्पलसुद्धा. मग पागोळ्यांखाली उभं राहून एकेकाचं नाव घेऊन हाक मारायला लागले. ज्याचं नाव येईल त्याने आतून "हाये" म्हणायचं.

माझंही नाव आलं. मी रागाने गप्प राहिले. दुसऱ्यांदा आलं, तरी गप्प. तेवढ्यात जिन्यावर पावलं धडधडली आणि काका दारात उभे राहिले. तो चेहरा मी आजवर कुणाला सांगू शकलेले नाही. ओठ पांढरे पडले होते आणि नजर माझ्यावर नव्हती, माझ्या मागच्या मोरीवर होती. मी पटकन म्हटलं, "आहे काका. इथंच आहे." ते तिथेच पायरीवर बसले. त्यानंतर दिवसभरात त्यांनी जेवढ्या हाका मारल्या तेवढ्यांना मी ओ दिली, आणि दिवेलागणीला माझ्या लक्षात आलं की आपण पाय वर घेऊन कॉटवर बसलोय आणि नदीचा आवाज ऐकतोय.

गाईंचं प्रकरण तर त्याहून वरचं. मूल काही आपल्या हातात नाही, पण गाय भरवून गाभण करणं हा काकांचा धंदाच होता. पंचांग घेऊन ते पोळ्यापासून उलटा हिशेब करत, नऊ महिने नऊ दिवस मागे जात आणि बरोबर त्या सुमारास गाय भरवत. तालुक्यातल्या गाई त्यांच्या शब्दावर व्यायच्या. घरची गाय मात्र दरवर्षी त्यांना चकवायची. कधी चार दिवस आधी, कधी आठवडाभर उशिरा. मी गेले त्या वर्षी ती आदल्या दिवशी, बैलांचे खांदे चोळतात त्या खांदमळणीच्या वेळी व्यायला लागली. काका तिच्या कपाळाला कपाळ लावून म्हणत होते, "थांब ना माय. एक रात थांब." गाय कशाला थांबते? वासरू छान झालं, पांढरंशुभ्र, उड्या मारणारं. काकांनी त्या कालवडीचं नाव आदली ठेवलं आणि दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही.

म्हणून मग आडनावाचा शोध. आपल्या घरी नाही, तर भावकीत कुठेतरी, कुणाच्या तरी घरी पोळ्याला पाळणा हलला असेल, गाय व्याली असेल, या आशेवर ते गावं पालथी घालत होते. पुसेगावला एक घर सापडलं. तिथेही पोळा होत नव्हता. काका खूश झाले. एकच सण पडलेला म्हणजे रक्त एकच. तिथल्या म्हाताऱ्याने सांगितलं की आपण मूळचे वाशीमच्या अंगाला डोंगरात उंबराखाली झरा होता तिथले. काका तोही शोधायला गेले. उंबर नव्हता, झराही नव्हता, दगडांत एक कोरडा खड्डा होता. मेंढ्या घेऊन चाललेल्या एकाने सांगितलं, "पाणी गेलं म्हून माणसं गेली." घरी येऊन काकांनी मला ते शब्दाला शब्द ऐकवलं आणि म्हणाले, "पाण्याचं आन् आमचं लई जुनं वाकडं हाये म्याडम."

दुसऱ्या वर्षी सुनेला दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली ती पोळ्याच्या आसपासची. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवानंच धाडलं," त्या म्हणाल्या. "पोळ्यालाच होऊ दे लेकरू." मला वाटलं, काका नाचतील. आयुष्यभर ज्या दिवसासाठी गाईंच्या विनवण्या केल्या तो दिवस पायाने चालत येत होता. पण काकांचं जेवण सुटलं. सुनेला आई नव्हती, माहेर म्हणजे एक भाऊ आणि भावजय, तरीही काका तिला महिनाभर आधी तिकडे धाडायच्या मागे लागले. ती तयार नव्हती.

"काका, तुम्हाला तर हेच हवं होतं," मी म्हटलं.

"गाय निराळी, म्याडम," ते म्हणाले. "गाय गेली तं दुसरी येते. ह्या पोरीला त्या दिवशी काई झालं तं?"

याच दिवसांत त्यांना कुरुंदा गावचे उंबरझरे सापडले. हळदीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर हिंगोलीच्या बाजाराकडे चालला होता आणि ट्रॉलीच्या मागे तेलरंगात लिहिलं होतं, उंबरझरे, कुरुंदा. काका सायकलवरून त्याच्यामागे बाजारापर्यंत गेले. धापा टाकत ड्रायव्हरला विचारलं. ट्रॅक्टर मालकाचा होता, मालक उंबरझरे होता, आणि पोळा? ड्रायव्हर म्हणाला, "मालकाकडं तं दणक्यात करतात पोळा. बैलं नसली तरी ट्रॅक्टर सजवतात."

ही बातमी काकांनी घरात सांगितली नाही. मला सांगितली, कारण माझ्याकडे स्कूटर होती. रविवारी आम्ही दोघं निघालो. मागे बसून ते वाटभर एकच बोलत होते. उंबरझरे असून पोळा करतात म्हणजे एक तर ते आपले नव्हेत, किंवा आपलेच आहेत आणि आंधळेपणाने विस्तवाशी खेळतायत, त्यांना सांगायला हवं. तिसरी शक्यता ते बोलत नव्हते. मीही नाही.

कुरुंद्याचं घर खातंपितं होतं. अंगणात हळदीचा पिवळा धुरळा, पायाला लागेल तिथे पिवळा डाग. घरातली माणसं शेतात होती. ओसरीवर एक म्हातारी आजी बसली होती, कानाने चांगली, डोळ्याने अधू. काकांनी आडनाव सांगितलं तशी ती सावरून बसली.

"हिंगोलीचे? कयाधूकाठचे?"

"व्हय."

"मंग तुमी आमचेच," आजी म्हणाली. "भांडून इकडं आलो आमी. माझ्या सासऱ्याचा भाऊ बुडाला नदीत. त्याला पाण्यात कोणं धाडलं, त्याच्यावरून भाऊ भाऊ उठले एकमेकाच्या जिवावर."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग आजी, तुमी पोळा कसा करता? पोळा पडला व्हता ना आपला?"

"पडला व्हता की. उठला." तिने पलीकडच्या भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे हात केला. "हे आमचे मालक. पोळ्याच्याच दिवशी जन्मले. सासूबाई सांगायच्या, इकडं लेकरू रडलं आन् तिकडं सासऱ्यानं बैलाला झूल घातली."

काका उठून फोटोपाशी गेले. फोटोतला माणूस म्हातारा होता, काकांहून चांगलाच मोठा. किती मोठा, ते त्यांनी आजीला विचारलं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि असते तर काकांच्या थोरल्या काकाच्या वयाचे असते. म्हणजे काका जन्मायच्या आधीच, त्यांची आई लग्न होऊन त्या घरात यायच्या आधीच पोळा उठला होता. आईने घातलेलं पुरण पडलेल्या सणाचं नव्हतं. ते साध्या सणाचं साधं पुरण होतं.

"आजी," काकांचा आवाज मला ओळखू येईना, "निरोप काहून धाडला न्हाई?"

म्हातारीने मान खाली घातली. मग म्हणाली, "सासऱ्यानं धाडू देल्ला न्हाई. म्हणे, इकडं आल्यावर आमच्याकडं माणूस मेलं तव्हा त्याइनं सूतक धरलं न्हाई. आमी त्याइला सण काहून द्यावा?"

मला एवढा राग आला की मी ओसरीवरून उतरून अंगणात गेले. भावकीचं वैर मी बँकेत रोज बघते, बांधावरून, विहिरीवरून, वारसाच्या सहीवरून. पण सण अडवून धरलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

येताना वाटेत काकांनी स्कूटर थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसले. "माय उगंच झुरून मेली," ते म्हणाले. तोंडावर उपरणं घेऊन ते रडले आणि मी नुसती उभी राहिले. मग म्हटलं, "काका, वाईट झालं. पण आता तरी भीती गेली ना? पोळा कधीच उठलाय. सुनेला काही होणार नाही."

त्यांनी उपरणं काढलं. तोच चेहरा होता, पहिल्या पोळ्याला माझ्या दारात आलेला.

"मंग माझा बाप काहून मेला?"

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"पोळा पडलेला व्हता म्हून मेला, असं व्हतं तोवर ठीक व्हतं. एक दिवस सांभाळायचा. पाणी उपसायचं, कुलूप लावायचं, हाका मारायच्या. बाकी वर्षभर मी बिनघोर झोपत व्हतो म्याडम. आता? आता कोणत्या दिवशी कुलूप लावू?"

हे घरात कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्यानंतर ते रोजच हाका मारू लागले. सून न्हाणीघरात गेली की बाहेर उभे राहून खाकरायचे. मुलाला यायला जरा उशीर झाला की फाटकाशी. काकू म्हणायच्या, पोळा जवळ आला म्हणून असं करतायत. मला खरं कारण माहीत होतं आणि त्याने माझीही झोप उडाली होती.

पोळा आला. रात्रभर पाऊस पडत होता. काकांनी पहाटे टाकी सोडून दिली, हौद उपसला, भांडी पालथी केली, फाटकाला कुलूप लावलं. मी खाली येऊन हळूच म्हटलं, "आता तर तुम्हाला ठाऊक आहे ना काका?"

"ठाऊक हाये म्हूनच. दुसरं काय येतं मला?"

दुपारी बाहेर हलगी सुरू झाली आणि आत सून ओरडली. तिचं पाणी गेलं होतं. थेंबभर पाणी नसलेल्या त्या घरात फरशीवर ओघळ आला आणि आम्ही सगळे एका जागी थिजलो. आधी हलल्या काकू. मुलगा पलीकडच्या गल्लीतून रिक्षा बोलावण्यासाठी फोन लावत होता. रिक्षा येऊन फाटकाबाहेर उभी राहिली. फाटक बंद होतं.

काका कुलुपासमोर उभे होते. किल्ली हातात होती. दवाखाना नदीच्या त्या बाजूला, आणि कयाधू पुलाच्या अगदी खाली येऊन भिडली होती. तिचा घोगरा आवाज इथवर येत होता.

"बाबा, उघडा," मुलगा म्हणाला. काकांचे हात हलेनात. खांद्यापर्यंत गाईच्या पोटात जाणारे ते हात.

काकू पुढे आल्या. "उघडा. मरायचं तं माणूस घरातबी मरते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "त्या आजीनं खरंच सांगितलं असंल ना?"

"तिला खोटं सांगून काय मिळणार होतं? उलट तिला लाज वाटत होती काका."

कुलूप उघडलं. काकू आणि सून रिक्षात बसल्या, मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी. काका बसले नाहीत, म्हणून मीही बसले नाही. पुलावर सजवलेल्या बैलांची गर्दी होती आणि रिक्षा माणसाच्या चालीने सरकत होती. काका तिच्या बाजूने चालत होते, कठड्याच्या बाजूने. खाली लाल पाणी झाडांचे ओंडके घेऊन पळत होतं आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी त्यांना ओढून म्हटलं, "काका, इकडून चला, मधून."

"नको. पाण्याच्या अंगानं मी ऱ्हातो," ते म्हणाले. "न्यायचं तं मला नेईल." त्यांनी कठड्याची बाजू पूल संपेपर्यंत सोडली नाही.

दिवे लागायच्या आत मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. नर्सने दुपट्यात गुंडाळून आणली, तर काकांनी तिला घेतलं नाही. आधी ती रडते का, ते ऐकलं. रडली. मग घेतलं.

काकूंचा आनंद अर्धाच होता. "पोरीनं उठतो का हो पोळा?" त्यांनी चाचरत विचारलं. "पुसेगावचे म्हणत व्हते, पोरगाच लागते."

मी काकांकडे पाहिलं. खरं सांगायची हीच वेळ होती. पोळा केव्हाच उठलाय, पोरीचा आणि पोराचा प्रश्नच नाही. त्यांनी नातीच्या तोंडावरून दुपटं बाजूला केलं आणि म्हणाले, "उठतो. अख्खं आडनाव धुंडाळलं मी. मी सांगतो, उठतो. हिनंच उठवला."

आणि दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी निरोप धाडायला सुरुवात केली. पुसेगावला फोन लावला. पुण्याच्या उंबरझऱ्यांना लावला, त्यांनी या वेळी ऐकून घेतलं. "आपल्यात पोळा उठला. नातीनं उठवला. पुढल्या वर्षी पुरण घाला." शेवटी कुरुंद्याला. तिकडून आजी फोनवर आली. काकांनी तिलाही तेच सांगितलं, जसं काही त्यांना काहीच माहीत नव्हतं. फोन त्यांनी कानापासून जरा लांब धरला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"बरं झालं," आजी म्हणाली. "तुमी निरोप तरी धाडला."

फोन ठेवून ते बसून राहिले. मग मला म्हणाले, "सगळ्याइला धाडला म्याडम. मायला कसा धाडू?"

पुढे माझी बदली झाली. पण नातीच्या जन्मानंतरच्या पोळ्याला मी अजून तिथेच होते. फाटक सताड उघडं होतं. टाकी भरलेली होती, हौद मात्र उपसलेला, कारण नात रांगायला लागली होती आणि काका तिच्यामागे ओणवे होऊन फिरत होते. घरात पुरण शिजत होतं. काकू त्या घरात आल्यापासून पोळ्याला तो वास पहिल्यांदाच येत होता आणि बोलता बोलता सगळेच मधे थांबत होते. पहिली पोळी तव्यावरून उतरली, तशी काकांनी ती हातावर घेतली. काकूंना वाटलं, देवापुढे ठेवणार. ते गॅसच्या ओट्याजवळ गेले, ओट्याखाली आईची जुनी चूल कोपऱ्यात सरकवून ठेवलेली होती, तिच्यावर त्यांनी पोळी ठेवली.

"माय," ते म्हणाले, "तुह्या पुरणाच्या आधीच उठला व्हता वं."

घरातल्या कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि दुसरी पोळी लाटायला घेतली. काका तिथेच उभे होते. तेवढ्यात नात दिसेनाशी झाली आणि ते दचकून वळले आणि तिचं नाव घेऊन हाक मारली. ती अजून बोलत नव्हती. म्हणून तिच्यामागे अंगणात गेलेली मीच तिथून ओरडून म्हणाले, "आहे काका. इथंच आहे."